खिडकीच्या जागी आरसा

एकदा एका पेठेच्या गावी मोरशेट नावाचा एक कापडाचा व्यापारी राहत होता. पेठेच्या मागच्या आळीत त्याचे घर होते. पुढे ओटी, मग माजघर, त्यामागे स्वयंपाकघर आणि परस. जमीन शेणाने सारवलेली, भिंती पांढऱ्या मातीने पोतारलेल्या. धंद्यात मोरशेटला चांगली बरकत होती, पण घराकडे पाहून ती कोणाच्या ध्यानात आली नसती, आणि पुष्कळ वर्षे ती त्याच्याही ध्यानात येत नव्हती.

त्याच गावात एक वृद्ध गुरुजी राहत. लहानपणी त्यांच्या पायाशी बसून मोरशेट अक्षरे शिकला होता, आणि पुढे मोठा व्यापारी झाल्यावरही ते शिष्यत्व त्याने सोडले नव्हते. मुलीचे स्थळ असो की भावकीतला तंटा, गुरुजींचा शब्द घेतल्याशिवाय तो पाऊल टाकत नसे. ही जी हकिगत आहे, तेवढ्या एका बाबतीत मात्र त्यांना काही विचारावे असे त्याच्या मनात आले नाही. घर सजवायचे, त्यात गुरूला काय विचारायचे!

मोरशेटला एकच मुलगी होती, मंजुळा. तिला त्याने लांबच्या एका बंदराच्या शहरात, मोठ्या व्यापारी घराण्यात दिली होती. लग्न मुलीच्या माहेरी झाले, त्यामुळे व्याह्यांचे घर मोरशेटने पाहिलेले नव्हते. ते त्याने पहिल्यांदा पाहिले व्याह्यांच्या साठीशांतीला.

आणि पाहिले ते पाहतच राहिला. छताला रंगवलेली तक्तपोशी, तिला ओळीने टांगलेल्या काचेच्या हंड्या, नक्षीचे शिसवी खांब, पायाला गार लागणारी गुळगुळीत फरशी. माजघरात तर पुरुषभर उंचीचा, सोनेरी चौकटीचा आरसा होता. तिन्हीसांजेला त्याच्यासमोर समई ठेवली की सगळी खोली सोन्याने न्हाऊन निघे. त्या उजेडातून डोक्यावर पदर घेतलेली त्याची मंजुळा हातात तबक घेऊन ये-जा करीत होती. ते पाहून मोरशेटला आनंद व्हायला हवा होता. वाटली ती लाज. आपली मुलगी अशा घरात नांदते. ती माहेरी येईल तेव्हा शेणाच्या जमिनीवर तिचा पाय कसा ठरेल? तिला आपले घर कसे दिसेल? कोणी त्याला काही बोलले नव्हते. व्याही तर फार अगत्याने वागले. पण पोटात एकदा काटा रुतला तो रुतलाच.

परतीच्या वाटेवर तो सरळ घरी आला नाही. कुठल्या सरदाराचा दिवाणखाना ऐकिवात होता, तो पाहायला गेला. एका दिवाणांचे नवे घर पाहिले. एका देवळाच्या सभामंडपातली वेलबुट्टी पाहत तो इतका वेळ मान वर करून उभा राहिला की पुजारी म्हणाला, "शेट, देव खाली आहे." मोरशेट हसला, खाली वाकून नमस्कार केला, आणि पुन्हा वर पाहू लागला. जिथे जे आवडले ते त्याने मनात साठवून घेतले, आणि घरी पोचला तेव्हा बायकोला, सगुणेला, म्हणाला, "मंजू पौषात येणार ना? तोवर हे घर ओळखू येणार नाही असं करतो."

सगुणा भाजी निवडीत होती. तिने विचारले, "तिला हवंय का हे सगळं?"

"तिला कळू द्यायचं नाही. एकदम पाहू दे. डोळे दिपले पाहिजेत पोरीचे."

"डोळे दिपवून घ्यायला येतं का कुणी माहेरी?" सगुणा म्हणाली. पण ती हे पातेल्याकडे पाहत म्हणाली, आणि मोरशेट तोवर सुताराला हाक मारायला ओटीवर गेला होता.

काम सुरू झाले. जमीन उखणून फरशी आली. खांबांना लाखेचा रंग चढला. ओटीजवळचा पाय धुण्याचा दगड नव्या फरशीवर पाणी सांडू नये म्हणून मागे परसात गेला. स्वयंपाकघरातल्या उघड्या फळ्या काढून दाराची कपाटे झाली. राहता राहिला आरसा. व्याह्यांकडे होता तसाच, त्याच मापाचा आरसा मोरशेटने घडवून आणला होता, आणि तो मावेल अशी भिंत माजघरात एकच होती. त्या भिंतीत एक खिडकी होती.

खिडकी बुटकी होती. जमिनीवर बसले की नेमकी डोळ्यांसमोर यावी अशी. बाहेर ठकूकाकूंचे परस. शेजारच्या या ठकूकाकू म्हणजे आळीतली सगळ्यात जुनी बाई. मंजुळा रांगायला लागली तेव्हापासून ती खिडकी तिची होती. तांदूळ निवडायचे तर ती तिथे बसे, केस विंचरायचे तर तिथे, रुसायचे तरी तिथेच. रुसवा फार लांबला की ठकूकाकू गजांतून गरम शेंगा आत सरकवत आणि म्हणत, "खा आणि मग रूस."

गवंडी विटा घेऊन आला तेव्हा सगुणा माजघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"एवढी खिडकी राहू द्या ना."

"अगं, मग आरसा कुठे लावू? सगळ्या सजावटीचा जीव आहे तो."

सगुणेने खिडकीशी ठेवलेली सुपे आणि टोपली उचलली आणि ती आत गेली. खिडकी काढून परसात टाकली गेली, भोक विटांनी भरले, आणि त्यावर आरसा चढला. त्या संध्याकाळी मोरशेटने समोर समई लावून पाहिली. खोली लखलखली. त्याचे डोळे भरून आले. माया खरोखरीची होती. हे कोणी विसरू नये.

पौषात मंजुळा आली. गाडीतून उतरली, उंबऱ्याशी आली, आणि तिथेच थांबली. इकडे पाहिले, तिकडे पाहिले, आणि आईला विचारले, "पाय कुठे धुऊ?"

मोरशेट हौसेने तिला खोल्याखोल्यांतून फिरवीत होता. शेवटी आरशासमोर नेऊन म्हणाला, "काय? कसं वाटतंय?"

मंजुळा क्षणभर त्या भिंतीकडे पाहत राहिली. मग हसून म्हणाली, "छान झालंय हो अप्पा. अगदी आमच्याकडच्यासारखं."

मोरशेटला धन्य वाटले. 'आमच्याकडच्या' हा शब्द त्याच्या कानांवरून गेला, मनापर्यंत पोचला तो फार पुढे.

ती रथसप्तमीपर्यंत राहणार होती. दिवस जाऊ लागले. माहेरी आलेली लेक उशिरापर्यंत लोळते, केस मोकळे सोडून परसात फिरते, आईच्या हातचे मागून खाते. मंजुळा पहाटे उठून, न्हाऊन, नेसून तयार असे. डोक्यावरचा पदर काही खाली येत नव्हता. गादीवर बसली तर कडेला आणि ताठ. एखादे भांडे घासले तरी ती विचारी, "आई, हे कुठे ठेवू?" एकदा तांदळाचे ताट घेऊन ती सवयीने माजघरात गेली, भिंतीपर्यंत पोचली, समोर आपणच ताट घेऊन उभ्या आहोत असे तिला दिसले, आणि ती तशीच मागे वळली. सगुणेने हे पाहिले.

एके दुपारी मंजुळा ठकूकाकूंकडे जाऊन येते म्हणाली, ती दिवेलागणीलाच परतली. डोळे लाल झाले होते.

"काय गं?" मोरशेटने विचारले.

"काकूंच्या चुलीचा धूर," ती म्हणाली.

संक्रांत तोंडावर आली असताना तिने बापाजवळ विषय काढला. "अप्पा, घरी हळदीकुंकवाची गडबड असेल. सासूबाईंना एकटीला उरकायचं नाही. माझी जायची व्यवस्था करता का?"

"अगं, हेही घरच आहे ना तुझं?"

"आहेच की," ती म्हणाली आणि हसली. पाहुणा निरोप घेताना यजमानाकडे पाहून हसतो, तसे ते हसू होते. मोरशेटला कुठेतरी टोचले, पण काय टोचले ते कळले नाही. गाडी गेली. सगुणा बराच वेळ ओटीवर उभी होती.

मुलीच्या मुक्कामात गुरुजींना जेवायला बोलवायचे, तिला त्यांच्या पाया पडायला लावायचे आणि घरही दाखवायचे, असा मोरशेटचा बेत होता. आमंत्रण देऊन झाले होते; मुलगी गेली म्हणून ते मागे कसे घेणार? ठरल्या दिवशी गुरुजी काठी टेकीत आले. माजघरात पाट मांडला होता, भोवती रांगोळी, ताट वाढलेले. गुरुजी उंबऱ्यात थांबले. वर पाहिले, खाली पाहिले. मग आरशाजवळ गेले आणि सोनेरी चौकटीच्या कडेने भिंतीवर तळवा ठेवून काही वेळ उभे राहिले, आजाऱ्याच्या कपाळावर ठेवावा तसा.

"बसा ना गुरुजी," मोरशेट म्हणाला.

गुरुजी वाकले. दोन्ही हातांनी सांभाळून त्यांनी आपले ताट उचलले, आणि कोणाकडे न पाहता स्वयंपाकघरातून मागच्या दाराने बाहेर पडले. परसाच्या कोपऱ्यात घरातून निघालेली मोडतोड पडली होती. तीत ती जुनी खिडकी, गजांसकट, आडवी पडली होती. गुरुजी तिच्या लाकडी चौकटीवर बसले, ताट मांडीवर घेतले, आणि म्हणाले, "हं. भात वाढा."

मोरशेट धावत आला. त्याचा चेहरा उतरला होता. "गुरुजी! काय चुकलं आमचं? वाढलेल्या ताटावरून असं उठून..."

"मी बसलोच कुठे होतो? बसलो असतो तर उठलो नसतो."

"पण इथे? या कचऱ्यात?"

"इथे बरं वाटतंय," गुरुजी म्हणाले, आणि खरोखरच शांतपणे जेवू लागले. चार घास झाल्यावर त्यांनी विचारले, "आरसा व्याह्यांकडे आहे तसाच आणलास म्हणे?"

"हुबेहूब, गुरुजी."

"त्यांनी तो कुठे लावलाय?"

बोलायला विषय मिळाल्यावर मोरशेटला जरा धीर आला. "माजघरातच. त्यांचं घर फार दाट वस्तीत आहे. दोन्ही अंगांना शेजारच्या भिंती चिकटलेल्या. माजघराला खिडकी काढायला जागाच नाही, भरदुपारी अंधार. बायकांनी दिवसा दिवा लावून काम करायचं. म्हणून व्याह्यांच्या वडिलांनी युक्ती केली. दारासमोर आरसा लावला, म्हणजे ओटीवरचा उजेड त्यात पडून आत..."

तो बोलता बोलता थांबला.

गुरुजींनी भात कालवला. "पुढे?"

गुरुजी ज्या चौकटीवर बसले होते, तिच्या गजांकडे मोरशेट पाहत राहिला. गजांचे मधले भाग हात लागून लागून गुळगुळीत झाले होते.

मागच्या दारात सगुणा तुपाची वाटी घेऊन उभी होती. ती म्हणाली, "गुरुजी, एक बोलू? यांना अजून सांगितलं नाही मी. आज सकाळीच ठकूकाकूंकडून कळलं. मंजूचं पोटातलं गेलं हो, कार्तिकात."

मोरशेटने झटकन वळून पाहिले.

"घरात नणंदेचं लग्न होतं," सगुणा सांगत होती. "मांडव घातलेला. सासूबाई म्हणाल्या, कार्यघरात डोळ्यांतून पाणी काढू नये. त्या वाईट नाहीत. दूध-तूप, शेक-शेगडी, सगळं केलं त्यांनी तिचं. फक्त रडू दिलं नाही. कागदावर लिहायचा तिला धीर झाला नाही. ते सगळं छातीशी धरून पोर इथे आली होती. आणि रडली कुठे, तर ठकूकाकूंच्या चुलीपुढे, त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून. सगळी दुपार."

"मला नसेल सांगवलं," मोरशेट म्हणाला, "पण तुला? आई ना तू तिची?"

"रोज सांगायला येत होती हो. माझ्या मागे मागे फिरायची. मलाही कळत होतं, हिच्या मनात काहीतरी आहे. एकदा मी हात धरून तिला माजघरात बसवलं. ती बसली, इकडे तिकडे पाहिलं, आणि म्हणाली, 'आई, माझे हात तेलकट आहेत, ही गादी खराब होईल का?' मग मी म्हटलं, नाही गं होत. तिने हात पुसले. आणि बोलणं राहूनच गेलं."

गुरुजींनी ताट बाजूला ठेवले, हात धुतला, आणि मग म्हणाले:

"मोरेश्वरा, दुसऱ्याचं घर पाहून शिकण्यात पाप नाही. माणूस पाहूनच शिकतो. पण त्या घरातली शोभा तिथल्या माणसांच्या अडचणीतून उगवलेली होती. त्यांच्याकडे अंधार होता, बायका चाचपडत होत्या, ते कोणाच्या तरी जिवाला लागलं, म्हणून आरसा आला. तू आरसा तेवढा पाहिलास. ज्या मायेने तो तिथे लागला, ती माया तू आपल्या घरात वापरली असतीस, तर या खिडकीला हातही लावला नसतास. आणि एक कठोर बोलतो, ते पोटात घाल. हे घर तू लेकीसाठी सजवलं नाहीस. व्याह्यांच्या ओटीवर तुला जी लाज वाटली, तिच्यासाठी सजवलंस. मला आत हात टेकायला ओळखीची जागा सापडेना. जिथे ओळख पटली, तिथे येऊन बसलो. तुझी लेकही तेच करून गेली."

मोरशेट खाली बसला. नव्या धोतराला माती लागत होती, तिकडे त्याचे लक्ष नव्हते. थोड्या वेळाने तो एकदम म्हणाला, "उद्याच गवंडी बोलावतो. आरसा उतरवतो, हीच खिडकी परत बसवतो. सगळं होतं तसं करतो, गुरुजी. मंजूला निरोप धाडतो."

"खिडकी बसव. उजेड येईल, वारा येईल. पण 'होतं तसं' म्हणू नकोस. आपलं माहेरही एक दिवस आपल्याला न विचारता दुसरंच होऊ शकतं, हे तिने पाहिलं आहे. तिचं ते पाहणं तुला पुसता यायचं नाही."

"मग मी करू तरी काय?"

गुरुजी काठीवर भार देऊन उठले. "तिच्याकडे जाऊन ये. रिकाम्या हाताने जा. आणि ती नाही बोलली, तर तेही ऐकून घे."

रथसप्तमी झाल्यावर मोरशेट बंदराच्या शहरात गेला. मंजुळाला आनंद झाला. तिने पुढे येऊन नमस्कार केला, आत बसवले, सरबत आणले. त्या माजघरात माणसांची सारखी ये-जा होती. जरा सवड सापडली तेव्हा मोरशेट खालच्या आवाजात म्हणाला, "मंजू, मला कळलं गं. कार्तिकातलं."

तिने पेल्यावरचा हात काढला नाही. "काकू बोलल्या वाटतं."

"माझ्याशी बोल ना. मी ऐकायलाच आलोय. बाकी काही काम नाही माझं."

मंजुळाने त्याच्याकडे पाहिले. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. असता तर त्याला बरे वाटले असते. ती म्हणाली, "आता बोलण्यासारखं राहिलं नाही हो, अप्पा. तेव्हा होतं." मग आतून कोणी हाक मारली, आणि "आले हं" म्हणून ती उठून गेली.

पुढे तिला मुले झाली. ती माहेरी येत राहिली, हसली, भांडली, मुलांना आजोळच्या अंगणात सोडून दुपारभर झोपली. सगळे काही रीतसर झाले. ते एक दुःख मात्र बाप-लेकीत कधीच बोलले गेले नाही. मोरशेटनेही पुन्हा विचारले नाही. ऐकायची वेळ आपण चुकवली, हे त्याला समजले होते.

पण हे सारे नंतरचे. त्या खेपेला मुलीकडून परत आला तेव्हा मोरशेट ओटीवर टेकला नाही. कोणत्या घरी काय पाहिले, हेही सांगत बसला नाही. हातपाय धुऊन तो स्वयंपाकघरात गेला. सगुणा भाकरी थापत होती. तिने पाट पुढे सरकवला, पण तो जमिनीवरच, चुलीच्या बाजूला बसला. "बोलली का?" तिने विचारले. त्याने नाही म्हणून मान हलवली.

बराच वेळ तो तिच्या हातांकडे पाहत होता. मग म्हणाला, "सगुणे, तुला काय हवं होतं गं या घरात?"

भाकरीवरचा तिचा हात थांबला. "मला?"

"हो, तुला."

ती गोंधळली, थोडी लाजलीही. पिठाच्या हाताने कपाळावरचे केस मागे सारत म्हणाली, "इतक्या वर्षांत कोणी विचारलंच नाही हो. असं एकदम कसं सांगू? थांबा थोडं. आठवून बघते."

तिने भाकरी तव्यावर टाकली आणि वरून पाणी फिरवले. मोरशेट काही सुचवायला गेला नाही. तो तिथेच बसून राहिला, तिला आठवेपर्यंत.